मायनस नंबर लागला: पहिल्या तपासणीपासून पुढच्या अनेक वर्षांपर्यंत काय करायचं

मुलगी सहावीत होती तेव्हाची गोष्ट. गणिताच्या वहीत तिनं पानभर ‘घनफळ’ऐवजी ‘धनफळ’ लिहिलं होतं. आधी मी रागावले, मग मागची पानं उलटली. कुठे ‘भ’चा ‘म’ झालेला, कुठे ‘थ’चा ‘य’. पुस्तकात बघून उतरवलेलं सगळं बरोबर होतं, चुकलेलं होतं ते फक्त फळ्यावरून उतरवलेलं. मला स्वतःला सातव्या वर्षापासून चष्मा आहे, आज नंबर मायनस साडेसात. तरीही पोरीला लांबचं दिसत नाही हे कळायला मला तिची वही चाळावी लागली.

तिनं कधी तक्रार केलीच नव्हती. करणार तरी कशी? लांबचं सगळ्यांना असंच पुसट दिसतं, असं तिला वाटत होतं. ज्यांच्या घरात असा पहिला मायनस नंबर नुकताच आला आहे किंवा येईलसं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चार वर्षं मुलीसाठी आणि त्याआधी जन्मभर स्वतःसाठी जे करत आले, ते त्याच क्रमानं.

आधी नेमकं काय बिघडतं ते

विज्ञानाच्या पुस्तकात याला निकटदृष्टिता म्हणतात. जवळचं स्वच्छ, लांबचं अस्पष्ट. बहुतेक वेळा कारण एकच असतं: डोळ्याचा गोळा पुढून मागे गरजेपेक्षा जास्त लांब झालेला असतो. नवजात बाळाचा डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा २३-२४. वाढता वाढता हा डोळा थांबायला हवा तिथे थांबला नाही, तर लांबून येणारे किरण डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर न मिळता त्याच्या अलीकडेच मिळतात. ढोबळमानानं १ मिलिमीटर लांबी जास्त झाली, की अडीच ते तीन नंबर वाढतो. अंतर्वक्र भिंगाचा चष्मा ते किरण मागे सरकवून पडद्यावर आणतो. लांबलेला डोळा मात्र तेवढाच राहतो.

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. चष्म्यानं दिसतं, पण डोळ्याची वाढ रोखायची तर ती लहानपणीच रोखावी लागते. डोळा एकदा लांबला, की तो कशानंही आखूड होत नाही. गाजरानं नाही, सकाळी गवतावर अनवाणी चालून नाही, त्राटकानं नाही. गाजर खायला काहीच हरकत नाही, मीही देते. पण त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका. आणि डोळ्यात मध किंवा दुसरं काहीही घालू नका.

१. शंका आली की एकेक डोळा बघा

मूल डोळे बारीक करून बघतं का, टीव्हीजवळ सरकतं का, बस अगदी पुढ्यात येईपर्यंत तिची पाटी वाचू शकत नाही का, क्रिकेटमध्ये चेंडू उशिरा दिसतो म्हणून खेळायलाच टाळतं का, याकडे लक्ष ठेवा. घरात एक साधी चाचणी करता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मुलाला लांब उभं करा, एक डोळा तळहातानं झाकायला सांगा (बोटांनी नको, फटीतून बघतात) आणि तारखा वाचायला लावा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून चाचणी केली, तर चांगला डोळा वाईट डोळ्याची बाजू सांभाळून घेतो आणि तुम्ही फसता. एकाच डोळ्याला जास्त नंबर असेल आणि तो लहान वयात पकडला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडतो. त्याला आळशी डोळा म्हणतात, आणि त्याचे उपचार सातआठ वर्षांच्या आत सुरू झाले तर सगळ्यात चांगले लागू पडतात.

सरकारी शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. शाळेनं ‘डोळे दाखवून घ्या’ अशी चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका. गरजू विद्यार्थ्यांना सरकारी योजनेतून मोफत चष्मा मिळतो. त्याबद्दल शाळेत किंवा सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात विचारा.

२. पहिली तपासणी थेंब घालूनच

इथे माझी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. वहीचा उलगडा झाल्यावर घाईघाईनं त्याच संध्याकाळी मी मुलीला जवळच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. ‘कॉम्प्युटरवर तपासणी’ झाली, दोन्ही डोळ्यांना मायनस २.०० निघाला, दोन दिवसांत चष्मा हातात. पंधरा दिवसांनी कपाळ दुखायला लागलं. अभ्यासाला बसली की चष्मा काढून ठेवायची. मग नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी थेंब घालून तपासलं. खरा नंबर होता मायनस १.२५.

असं का होतं? मुलांच्या डोळ्यातला भिंग आवळणारा स्नायू जोरकस असतो. मशीनमध्ये बघताना मूल नकळत तो स्नायू आवळतं आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. थेंबांनी तो स्नायू काही काळ सैल पडतो, तेव्हाच डोळ्याचा खरा नंबर कळतो. बाहुलीही मोठी होते, त्यामुळे डॉक्टरांना मागचा पडदा नीट बघता येतो.

त्या दिवसाची तयारी अशी करा. थेंब थोड्या थोड्या वेळानं दोनतीनदा घालतात आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून बसायला लावतात, म्हणजे दीडदोन तास धरूनच चला. थेंब चुरचुरतात, हे मुलाला आधीच सांगा, ‘काही होत नाही’ असं खोटं सांगू नका. तपासणीनंतर जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही, म्हणून टोपी किंवा गॉगल बरोबर घ्या. कोणते थेंब घातले त्यावर हा परिणाम काही तास ते एकदोन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर ही तारीख घेऊ नका. अगदी लहान मुलांना कधी कधी तीन दिवस घरी घालायला मलम देतात, त्याचा परिणाम आठवडाभर किंवा जास्तही राहतो. बरेच डॉक्टर परिणाम ओसरल्यावर पुन्हा एकदा बोलावून चष्म्याचा अंतिम नंबर लिहून देतात. ही दुसरी फेरी चुकवू नका.

जाल तिथे आणखी एक विचारा: डोळ्याची लांबी मोजता येईल का? मशीनसमोर हनुवटी टेकवायची, मिनिटाभरात होतं, दुखत नाही. पहिल्या दिवशीचा हा आकडा हाताशी असला, की पुढे वाढीचा वेग नेमका कळतो.

३. कागद वाचायला शिका

कागदावर उजव्या आणि डाव्या डोळ्याच्या वेगळ्या ओळी असतात. समजा लिहिलंय −१.२५ / −०.५० × १८०. पहिला आकडा लांबचा नंबर. दुसरा सिलिंडर, म्हणजे बुबुळाची वक्रता सगळीकडे सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर. तिसरा त्या सिलिंडरचा कोन, ० ते १८० मधला. १८० हा नंबर नव्हे. माझ्या एका शेजारणीनं तो आकडा बघून रडायचंच बाकी ठेवलं होतं. सोबत ६/६ किंवा ६/१२ असंही लिहिलेलं असतं. निरोगी डोळ्याला जी ओळ १२ मीटरवरून वाचता येते ती या डोळ्याला ६ मीटरवर वाचावी लागते, असा ६/१२ चा अर्थ.

नंबराचा आकडा मनात बसावा म्हणून आम्ही घरी एक प्रयोग केला, तुम्हीही करा. शिवणकामाची टेप घ्या. चष्मा काढा, एक डोळा झाका, वर्तमानपत्राचा बारीक मजकूर नाकाजवळ धरा आणि हळूहळू लांब न्या. अक्षरांच्या कडा जिथे विरघळायला लागतात तिथे थांबा आणि डोळ्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. १०० ला त्या आकड्यानं भागा, आलेलं उत्तर तुमच्या नंबराच्या आसपास असतं. माझं अंतर १३ सेंटिमीटर निघालं, मुलीचं त्या वेळी ८०. टेपवर माझं बोट कुठे आणि तिचं कुठे हे बघितल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, की आई सकाळी उठल्या उठल्या उशीजवळ चाचपडत का असते. (हा प्रयोग समजण्यापुरता आहे. यावरून चष्मा करायचा नाही.)

४. चष्मा करताना

मुलांसाठी पॉलिकार्बोनेटच्या काचा घ्या. चेंडू लागला तरी सहसा फुटत नाहीत, तुकडे डोळ्यात जात नाहीत. मायनसची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते, म्हणून नंबर मोठा असेल तर फ्रेम लहान आणि गोलसर निवडा, कडेची जाडी आपोआप कमी दिसते. नंबर चारपाचच्या पुढे गेला तर जास्त इंडेक्सच्या, म्हणजे पातळ काचांचा खर्च करण्यात अर्थ आहे. एकदीड नंबराला तो खर्च नको.

दुकानात दोन गोष्टींकडे स्वतः लक्ष द्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला ते पीडी म्हणतात, ते मोजून घेतलं का, आणि फ्रेम नाकावर नीट बसते का. घसरणाऱ्या चष्म्याच्या वरून मुलं बघतात, मग चष्मा असून नसल्यासारखाच. चष्मा आल्यावर डॉक्टरांकडे नेऊन काचेचा नंबर तपासून घ्या. आम्ही दरवेळी नेतो.

५. लावायचा, आणि पूर्ण नंबराचा लावायचा

आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, ‘सारखा लावला की डोळ्यांना सवय लागते, नंबर वाढतो.’ त्यांचा जीव नातीसाठी तुटत होता. पण नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून, चष्मा लावल्यामुळे नव्हे. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन डोळ्याला ‘व्यायाम’ द्यावा, असंही पूर्वी वाटायचं. मलेशियात मुलांवर तसं करून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले: कमी नंबराचा चष्मा घालणाऱ्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगानं वाढला. डॉक्टरांनी जो दिला तोच पूर्ण नंबर वापरा.

मुलीच्या बाबतीत ‘चष्मेवाल्या मुलीचं पुढे कसं होणार’ हे वाक्य तिच्यादेखत कुणालाही बोलू देऊ नका. मी लहान असताना ते ऐकलं होतं. लग्नकार्यात चष्मा पर्समध्ये ठेवून नातेवाइकांना न ओळखता हसत फिरले आहे. माझ्या पोरीवर ती वेळ आली नाही, याचा मला खरंच आनंद आहे.

६. बाहेर काढा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि तोच आपण विसरतो. चीनमधल्या ग्वांगझूला बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, मैदानावरच्यांपैकी ३०.४ टक्के मुलांना. तैवाननं २०१० पासून शाळांना रोज १२० मिनिटं बाहेर घालवण्याचं उद्दिष्ट दिलं, आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला अधू नजरेच्या मुलांचा आकडा तिथे काही वर्षांत उतरायला लागला.

भर उजेडात पडद्यामधून डोपामिन नावाचं द्रव्य जास्त स्रवतं आणि ते डोळ्याच्या वाढीला आवर घालतं, असं सध्याचं स्पष्टीकरण आहे. वर्गातला उजेड तीनपाचशे लक्स असतो, बाहेर तो हजारोंत जातो. झाडाच्या सावलीतही, पावसाळी ढगाखालीही खोलीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून वैशाखात दुपारी बारा वाजता मुलांना उन्हात उभं करायचं कारण नाही. सकाळी शाळेआधी अर्धा तास, संध्याकाळी साडेपाचला खाली, सुट्टीत दुप्पट. दोन तासांची बेरीज झाली पाहिजे. सूर्याकडे बघायचं नाही, एवढंच बजावा.

या उपायाचा सगळ्यात मोठा फायदा नंबर लागण्याआधी होतो. म्हणजे ज्यांच्या मोठ्या मुलाला चष्मा लागला आहे, त्यांनी धाकट्याला आजपासून मैदानावर पाठवावं. आईवडील दोघांनाही चष्मा असेल तर नक्कीच.

जवळच्या कामाचं म्हणाल तर पुस्तक किती लांब धरायचं याचं माप मुलाच्या हातातच आहे. मूठ हनुवटीला लावा, कोपर पुस्तकावर टेका, तेवढं अंतर. मोबाइल त्याहून जवळ येतो, म्हणून गोष्ट बघायचीच असेल तर टीव्हीवर दाखवा. दर वीस मिनिटांनी खिडकीतून लांब बघायला लावा, डोळे शिणत नाहीत.

७. वाढ जास्त असेल तर

दर सहा महिन्यांनी तपासणी. वर्षाला पाऊण-एक नंबर वाढत असेल, तर ‘वयानुसार वाढणारच’ यावर थांबू नका. नंबराचा वेग कमी करण्याचे उपाय आज आहेत. माझ्या लहानपणी नव्हते. मला दर जूनमध्ये नवा चष्मा मिळायचा, तेवढंच.

पहिला उपाय, अगदी कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब, रोज रात्री एक. सुरुवातीचे मोठे अभ्यास सिंगापूरचे. त्यानंतर हाँगकाँगला ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशी तुलना झाली, त्यात ०.०५ सरस ठरलं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२३ साली ०.०१ चा फरकच दिसला नाही. तेव्हा ‘थेंब चालू आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका, किती टक्क्यांचे आहेत ते विचारा आणि सहा महिन्यांनी लांबीचा आकडा बघा. थेंब मनानं एकदम बंदही करू नका, थांबलेला नंबर उसळी घेऊ शकतो.

दुसरा, खास काचा. मधला भाग नेहमीच्या नंबराचा, भोवती शेकडो बारीक भिंगांची जाळी. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात तयार झालेल्या अशा काचांनी दोन वर्षांच्या चाचणीत नंबर वाढण्याचा वेग साधारण निम्म्यावर आणला होता. दिसायला साधाच चष्मा. किंमत मात्र साध्या काचांच्या कित्येक पट, आणि रोज बारा तास लावला तरच उपयोग. याशिवाय रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स आणि दिवसा घालायच्या खास मऊ लेन्स आहेत. त्या स्वच्छता पाळू शकणाऱ्या मुलांनाच.

आम्ही थेंब घेतले. चार वर्षांत मुलीचा नंबर १.२५ वरून २.५० वर आला. तिच्या वयात मी पाचच्या पुढे गेले होते. आता टेपवर तिचं बोट ४० सेंटिमीटरवर येतं.

८. लेन्स आणि ऑपरेशन

कॉन्टॅक्ट लेन्स कॉलेजच्या वयात हवीशी वाटते. लेन्स आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही, नियम एवढाच, पण तो रोज पाळायचा. नळाच्या पाण्यानं लेन्स धुवायची नाही, लेन्स घालून आंघोळ नाही, पोहणं नाही, झोपणं नाही. पाण्यातले सूक्ष्मजीव बुबुळात शिरले, तर महिनोन् महिने उपचार करूनही नजर जाऊ शकते. डोळा लाल झाला, दुखला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चष्मा घालवण्याचं लेझर ऑपरेशन अठराच्या पुढे, आणि नंबर किमान वर्षभर स्थिर असल्यावर. त्याआधी बुबुळाची जाडी आणि आकार यांचा नकाशा काढतात. बुबुळ पातळ किंवा टोकदार निघालं तर डॉक्टर नाही म्हणतात. तेव्हा ‘हो’ म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका. डोळे चोळायची सवय असेल तर ती आजच मोडा, चोळून चोळून बुबुळ टोकदार होण्याचा धोका वाढतो. नंबर फार मोठा असेल तर बुबुळ न घासता आत भिंग बसवण्याचा पर्याय असतो.

मोठेपणी अचानक मायनस नंबर आला, तर आधी रक्तातली साखर तपासा. साठीनंतर ‘माझा वाचायचा चष्मा सुटला’ म्हणून घरात कौतुक सुरू झालं, तर मोतीबिंदू दाखवून घ्या.

पडद्याची राखण

मायनस सहाच्या पुढचा नंबर मोठा समजतात. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणला जातो, कडेला पातळ होतो, कधी भोक पडतं. चौतिसाव्या वर्षी मी स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या टाइल्सवर काळे ठिपके तरंगायला लागले. थेंब घालून तपासल्यावर कडेला भोक सापडलं, भोवती लेझर मारून तिथल्या तिथे बंद केलं. दुखलं जेमतेम. उशीर केला असता तर पडदा सुटला असता आणि मोठं ऑपरेशन लागलं असतं. चमक, अचानक वाढलेले तरंगते ठिपके, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली, यातलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट बघू नका. नंबर मोठा असेल तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा थेंब घालून पडदा बघून घ्या. लेझरनं चष्मा गेला असला तरीही, कारण बुबुळ सपाट केलं तरी मागचा डोळा तेवढाच लांब असतो.

आणि पहिल्या तपासणीपासूनचे सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेनुसार लावून ठेवा. चष्मा घालवायचं ऑपरेशन केलेल्या माणसाला म्हातारपणी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ येते, तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा हिशेब अवघड होतो, आणि ऑपरेशनच्या आधीचा जुना नंबर काय होता हे डॉक्टर विचारतात.